कुंपणात उतरलेला करंट

दादासो मगदूमांनी विजेवरची गाडी घेतली तेव्हा शिवारातल्या लोकांनी तिच्या मागं वाकून बघितलं, धूर कुठनं निघतो म्हणून. धूर निघतच नाही म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग पळती कशावर?"

"करंटवर," दादासो हसून म्हणाले. "मोबाईल लावतो तशी लावायची. पेट्रोलवाल्याचं तोंड बघायला नको. फुकटात पडती म्हणा की."

हे वाक्य त्यांनी त्या उन्हाळ्यात सगळीकडं ऐकवलं. कुरुंदवाडच्या बाजारात, सोसायटीच्या कट्ट्यावर, जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पायऱ्यांवर चपला काढता काढता. दादासो साठीचे. कुरुंदवाडपासून जवळच नदीकाठच्या काळ्या रानात त्यांचा मळा आणि मळ्यातच घर. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे ते कितीतरी वर्षं चेअरमन होते. माणूस तोंडानं फटकळ, पण पाण्याची पाळी मोडलेली आणि वीज चोरायला तारेवर आकडा टाकलेला त्यांना खपत नसे. आकडा दिसला की स्वतः काठी घेऊन पाडत आणि त्या माणसाला चारचौघांत विचारत, "लाज वाटत न्हाय का रं?"

गाडी घ्यायचा आग्रह त्यांच्या मुलाचा, पारसचा. तो पुण्याला नोकरीला. त्यानं फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. "अप्पा, घरच्या मीटरवर सारखी गाडी लावू नका. युनिट वाढले की वरचा दर लागतो. गाडीसाठी वेगळा मीटर मागून घ्या, त्याचा दर वेगळा असतो, परवडतो. आणि होईल तेवढं दिवसा लावा."

दादासोंनी तसा अर्ज केला. त्यासाठी त्यांच्याबरोबर वीज कंपनीच्या ऑफिसात आदर्श आला होता. आदर्श म्हणजे त्या भागाचा लाईनमन, ठेकेदाराकडचा. मूळचा गगनबावड्याकडचा, तिशीतला, गावात खोली घेऊन बायको आणि लहान मुलीसह राहायचा. भर पावसात खांबावर चढायचा म्हणून लोक त्याला मानत. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं की मळ्यात जाणारी लाईन जुनी आहे, जादा लोड झेपणार नाही, एक खांब वाढवावा लागेल, पावसाळ्यानंतर बघू.

बाहेर आल्यावर आदर्श म्हणाला, "दिवाळीपतोर हुईल, अण्णा. तवर घरच्या मीटरवरच लावा. बिल जरा जास्त येईल, पण काय करणार."

बिल आलं. दादासोंनी ते उंबऱ्यातच उभं राहून वाचलं. त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, आतून विचारलं, "किती आलं ओ?" दादासोंनी बिल घडी करून खिशात घातलं. बिल भरायची त्यांना अडचण नव्हती. ऊस होता, दोडका-काकडी होती, मुलगा कमावता होता. पण फुकटात पडते म्हणून ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढं आले. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, "काय चेअरमन, बिल आलं का गाडीचं?" आणि दादासो बोलून गेले, "कसलं बिल घेऊन बसलाईसा! काय येत न्हाय."

खोटं बोलून झाल्यावर ते खरं करायची वाट त्यांना विहिरीवर सापडली. शेतीपंपाला आता बिलच येत नव्हतं. पंपाच्या मोटारीची पेटी घरापासून फार लांबही नव्हती. मधे एक बांध, बांधावर तारेचं कुंपण, कुंपणापलीकडं तानाबाईचं रान. उन्हाळाभर ते गाडीच विहिरीपर्यंत नेऊन लावत राहिले. कुणी विचारलं तर म्हणायचे, मोटार बघायला आलतो. पाऊस लागला आणि वाटेवरच्या चिखलात गाडी रुतायला लागली, तेव्हा त्यांनी बाजारातून लांबलचक वायर आणली. पेटीतून काढली आणि कुंपणाच्या तारेला जागोजागी दोरीनं बांधत शेडपर्यंत आणली. मधे दोन जोड पडले, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्यांदा गाडीनं करंट घेतलाच नाही. चार्जरवर लाल दिवा लुकलुकत राहिला. अर्थिंग मागत होती. दादासोंनी शेडजवळ ओल्या मातीत एक लोखंडी सळी ठोकली, तिला तार जोडली आणि दिवा हिरवा झाला. त्यांना त्या दिवशी आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

विजयमालाबाईंनी एकदा विचारलं, "ही वायर मोटारीची व्हय?"

"तात्पुरती हाय," ते म्हणाले. "मीटर आला की काढणार."

तानाबाई म्हणजे दादासोंच्या मित्राची, हंबीररावांची बायको. हंबीरराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन उचगावला. तानाबाई एकटी राहायची, तुकडाभर रान करायची आणि एका म्हशीचं दूध डेअरीला घालायची. हंबीररावांपेक्षा दादासो लहान, म्हणून ती त्यांना भावजी म्हणे आणि ते तिला वैनी. म्हशीचं नाव मोरी. तानाबाईचा सगळा दिवस मोरीभोवती फिरायचा. वैरण, पाणी, धार, डेअरी. कुणी जेवायला थांबवलं तर म्हणायची, "नगो बाई, मोरी वाट बघत असंल."

श्रावण लागायच्या सुमाराची गोष्ट. सकाळभर पाऊस पडून दुपारी उघडला होता. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती, आणि गाडी शेडमध्ये चार्जिंगला लावलेली होती. दादासो जेवायला बसले होते. तेवढ्यात बांधाकडून तानाबाईची किंकाळी आली. दादासो ताटावरून उठून तसेच खरकट्या हातानं धावले.

मोरी कुंपणाला लागून आडवी पडली होती. मान तारेवर, पाय ताणलेले. तानाबाई तिच्याकडं धावत निघाली होती, हात पुढं करून.

"हात लावू नगा!" दादासो अशा आवाजात ओरडले की बाई जागच्या जागी थबकली. "वैनी, मागं व्हा! तारेला करंट हाय!"

मग ते विहिरीकडं पळाले. पेटी उघडली, मेन स्विच खाली ओढला. आणि तिथंच, तानाबाईचं रडणं कानावर येत असताना, त्यांनी पेटीतली ती वायर हिसडून काढली. बांधाच्या कडेनं, उसाच्या आडोशानं, ती सोडवत सोडवत गोळा केली. चिकटपट्टीचा एक जोड कुंपणाच्या तारेवर घासून उघडा पडला होता. तांबं चमकत होतं. वायरीचा गुंडाळा त्यांनी शेडमागच्या उसाच्या पाचटाच्या ढिगात खुपसला, त्यावर दोन कवळे पाचट टाकलं आणि मग ते तानाबाईकडं गेले.

मेलेल्या जनावराशेजारी ती एकटीच बसली होती. आधी वायर आणि मग माणूस, हा क्रम दादासोंना पुढं कधीच विसरता आला नाही.

माणसं जमली. जनावरांचा डॉक्टर आला, वीज कंपनीचे साहेब आले. बांधावरून कंपनीची एक लाईन जात होती आणि तिच्या खांबाचा ताण, म्हणजे खांब ओढून धरणारी तार, कुंपणाजवळच जमिनीत गाडलेला होता. लोकांनीच ठरवून टाकलं की वाऱ्यानं तार ताणाला लागली आणि करंट कुंपणात उतरला. महिन्यापूर्वी कुणीतरी लोंबत्या तारेची तक्रार केलीही होती. आदर्शनं ती ओढून बांधल्याचं सांगितलं, पण ते त्यानं एकट्यानं केलं होतं. बघितलेलं कुणी नव्हतं.

साहेबांनी दादासोंना विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा पोचलात. काय बघितलंत?"

"म्हस तारेवर पडलेली बघितली," दादासो म्हणाले. 

"वरची लाईन लोंबत होती का?" साहेबांनी विचारलं.

"असंल," दादासो म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

तो जबाब त्यांनी सही करून दिला. मनात त्यांनी स्वतःला समजावलं की कंपनी तानाबाईला भरपाई देईल, नवी म्हस येईल, कुणाचं काय बिघडतंय.

तानाबाई मात्र भेटेल त्याला एकच सांगत होती. "त्या आदर्शच्या तारेनं मोरी मारली. भावजी वरडलं नसतं तर मी बी गेलतेच की मोरीच्या मागनं. त्यांनी पळत जाऊन लाईट बंद केली. माझ्या धन्याचा दोस्त हाय त्यो, त्यानं मला वाचवलं." डेअरीवर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी, मोना, उचगावहून आली आणि दादासोंच्या पाया पडली. दादासोंनी पाय मागं घेतले. तिला वाटलं, काका संकोचले. ती पुन्हा वाकली.

आणि मग एका सकाळी आदर्श मळ्यात आला. अंगावर ठेकेदारानं दिलेला शर्ट नव्हता, घरचा होता. ओट्यावर न बसता तो खालीच उभा राहिला.

"अण्णा, मला कमी केलंय," तो म्हणाला. "निष्काळजीपणा केला म्हणून. मी तार बांधलेली, अण्णा. आईशप्पत बांधलेली. तुमी त्या दिवशी तिथं सगळ्यांच्या आधी गेलतासा. तार लोंबत नव्हती, एवढं साहेबाला सांगा. तुमचा शब्द ते मोडणार न्हाईत."

अंगणात पावसाचं पाणी साचलं होतं.

"मी तवा वर बघितलंच न्हाय रं," ते म्हणाले.

"बघितलं नव्हतं तर तसं सांगा. लोंबत असंल असं सांगू नगा. तुमच्या त्या 'असंल' वरच समदं आलंय."

"बघतो," दादासो म्हणाले. "साहेबांशी बोलतो."

विजयमालाबाईंनी आदर्शला चहा आणून दिला. त्यानं तो उभ्यानंच घेतला आणि गेला. दादासो साहेबांशी बोलले नाहीत. दोनदा गाडी काढून ऑफिसच्या रस्त्याला लागले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परतले. पुढं कळलं की आदर्शनं खोली सोडली, सामान टेंपोत घातलं आणि गावाकडं गेला. टेंपो मळ्याच्या फाट्यावरून गेला तेव्हा दादासो उसात होते. आवाज ऐकून ते आणखी आत गेले.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. रोज बस्तीत एकेका धर्मावर प्रवचन. उत्तम क्षमा, उत्तम मार्दव, उत्तम आर्जव. उत्तम सत्याच्या दिवशी दादासो डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. विजयमालाबाई एकाशन करत होत्या, दिवसातून एकदाच जेवत. त्या दिवशी बस्तीतून आल्यावर त्यांनी पूजेची साडी बदलली, शेडमागं गेल्या आणि पाचट उचकटायला लागल्या. गाईखाली घालायला कोरडं पाचट हवं होतं. वायरीचा गुंडाळा त्यांच्या हाताला लागला. जळून काळी पडलेली चिकटपट्टी, उघडं तांबं. त्या गुंडाळा घेऊन आल्या आणि दादासोंसमोर जमिनीवर ठेवून बसल्या.

"मला त्याच दिवशी शंका आलती," त्या म्हणाल्या. "गाडी शेडात, आणि वायर न्हाय. म्हटलं, विचारू नये. मी बी गप्प बसले. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अंगण बघून चालतो आपण, आणि म्हस मारली."

"मी मुद्दाम मारली का?"

"म्हस मुद्दाम न्हाय मारली. पण आदर्शला?"

दादासोंना वाटलं, ही रडेल, भांडेल. विजयमालाबाईंनी तसं काही केलं नाही. गुंडाळा तिथंच सोडून त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वाढणं, बोलणं सगळं होतं तसंच होतं, फक्त त्या दादासोंच्या तोंडाकडं बघत नव्हत्या.

अनंत चतुर्दशीच्या आधी बस्तीच्या कमिटीतला एक जण मळ्यात आला. "क्षमावाणीच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठरवलाय," तो म्हणाला. "एका बाईमाणसाचा जीव वाचवलासा. जीवदयेचं काम हाय. तानाबाईंना बी बोलवलंय, त्या येणार म्हणल्यात."

"नको," दादासो म्हणाले. "सत्कार कसला करताय."

"हेच तुमचं मोठेपण," तो माणूस म्हणाला आणि गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी जायचंच नाही असं दादासोंनी ठरवलं होतं. पण तानाबाई सकाळी नवं लुगडं नेसून फाटकात येऊन उभी राहिली. "भावजी, मला बी गाडीतनं घेऊन चला," म्हणाली. विजयमालाबाई आधीच चालत पुढं गेल्या होत्या. दादासोंनी गाडी काढली.

बस्तीचा हॉल भरला होता. लोक एकमेकांना हात जोडत होते. वर्षभरात कळत नकळत काही दुखवलं असेल तर क्षमा करा, असं म्हणत होते. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. दादासोंनीही हात जोडले. मग नाव पुकारलं गेलं. ते पुढं गेले. बोलायचं, आत्ताच बोलायचं, असं त्यांच्या मनात होतं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. कुणीतरी माईक तोंडापुढं धरला. समोर तानाबाई पदरानं डोळे पुसत होती. मागच्या रांगेत विजयमालाबाई मांडीवरच्या हातांकडं बघत बसल्या होत्या.

"मी काय मोठं केलं न्हाय," दादासो म्हणाले. त्यांनी माईक हातानं बाजूला केला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दादासो शाल घेऊन खाली उतरले. हॉलमध्ये आदर्शचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

परत येताना गाडीत तानाबाई पुढच्या सीटवर बसली होती. शाल तिनं घडी करून मांडीवर घेतली होती आणि ती हातानं सारखी करत होती.

"आवाज बी येत न्हाय बगा गाडीचा," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी बघायला पायजे हुती. भावजी, आता भरपाई मिळाली की पहिली म्हस तुमीच बघून द्या मला. तुमच्या हातानं येऊ दे."

दादासोंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही बाजूंनी ऊस होता. लोक आपापल्या घरी निघून गेले होते.

"वैनी," ते म्हणाले. "मोरी माझ्यामुळं मेली."

तानाबाईला आधी कळलंच नाही. "तुमच्यामुळं कशी? तुमी तर..."

"मोटारीच्या पेटीतनं मी वायर आणलती. ह्या गाडीला. फुकटात चार्जिंग हुतंय म्हणून. कुंपणाला बांधलेली. ती घासून करंट उतरला. कंपनीच्या लाईनीचा काय संबंध न्हाय. आदर्शचा काय दोष न्हाय. मी तुमाला वरडून सांगितलं ते मला म्हाईत हुतं म्हणून. दुसऱ्या कुणाला म्हाईत असणार?"

तानाबाईचे हात शालीवर थांबले.

"मी बी मेले असते तर?" तिनं विचारलं. "मग काय सांगितलं असतंसा?"

दादासोंना खरं उत्तर माहीत होतं. तेव्हाही त्यांनी आधी वायरच गोळा केली असती.

तानाबाईनं दार उघडायचा प्रयत्न केला. तिला ते उघडता येईना. दादासोंना वाकून, तिच्या पुढून हात घालून, ते उघडून द्यावं लागलं. ती उतरली. शाल सीटवर ठेवली. दोन पावलं जाऊन वळली.

"त्या आदर्शच्या बायकूनं माझ्यासाठी भाकरी धाडलेली, मोरी मेली त्या दिवशी," ती म्हणाली. "माझ्या घरात चूल पेटली नव्हती. आणि मी गावभर बोलत सुटले की त्या पोराच्या तारेनं माझी म्हस मारली. मला बी तुमी त्यात वढलंसा, भावजी."

आणि ती चालायला लागली. दादासो गाडी घेऊन तिच्या मागं मागं, माणसाच्या चालीनं, मळ्यापर्यंत गेले. ती पुन्हा बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज कंपनीच्या ऑफिसात तिघं गेली. तानाबाईनं सांगितलं होतं, "मी येणार. तुमी मधनं माघारी फिरशीला." विजयमालाबाई वायरीचा गुंडाळा पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. साहेबांनी दोनदा विचारलं, "चेअरमन, तुम्ही हे लिहून देताय? काय होईल माहिती आहे ना?" दादासोंनी लिहून दिलं. ऑफिसातला शिपाई, वीजबिल भरायला आलेली चार माणसं, सगळी तोंडाकडं बघत होती. त्यांतल्या एकाचा आकडा दादासोंनी कधीतरी काठीनं पाडला होता.

मोटारीचं कनेक्शन तोडलं गेलं. दंड झाला, वीजचोरीची केस झाली. ती मिटल्याशिवाय गाडीच्या मीटरचा अर्ज पुढं सरकणार नाही असं सांगण्यात आलं. पारसला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं की." एवढंच. दादासोंनी चेअरमनपद सोडलं. उसाच्या पाण्यासाठी त्यांना आता दुसऱ्यांच्या विहिरींवर जाऊन उभं राहावं लागे, आणि पूर्वी ज्यांना त्यांनी पाळीवरून झापलं होतं ती माणसं म्हणत, "बघतो, आमचं झालं की." शाल परत करायला ते बस्तीत गेले. कमिटीतल्या माणसाला ती कुठं ठेवावी कळेना. "राहू द्या ओ तुमच्याकडंच," तो म्हणाला. "आम्ही तरी काय करणार तिचं?" शेवटी ती तशीच पिशवीतून घरी आली.

तानाबाईची भरपाई अर्थात थांबली. दादासोंनी बाजारातून म्हस आणली आणि तिच्या दारात बांधायला गेले. ती गोठ्यातून बाहेर आली.

"घेते," ती म्हणाली. "मला डेअरीला दूध घालायचं हाय. पण तुमी बांधू नगा. दावं हिकडं द्या." तिनं स्वतः म्हस आत नेली. त्यानंतर ती त्यांना भावजी म्हणाली नाही. बोलायची वेळ आली तर नाव न घेता बोलायची.

आदर्शला मात्र फोनवर सांगायचं धाडस दादासोंना झालं नाही. आणि फोनवर सांगू नये असं विजयमालाबाईही म्हणाल्या. एक दिवस ते एस.टी.नं कोल्हापूरला आणि तिथून गगनबावड्याला गेले. सगळीकडं पावसाळा ओसरला होता, तिथं अजून धुकं आणि झिमझिम होती. गाडीनं जायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

आदर्शचं घर गावाच्या कडेला होतं. तो ओसरीत एका मिक्सरची मोटार उघडून बसला होता. दादासोंना बघून तो उठला, पण पुढं आला नाही.

"ऑफिसातनं फोन आलता," तो म्हणाला. "माझ्यावरचा दोष काढला म्हणाले. काम दुसऱ्याला दिलंय, जागा निघाली तर बघू म्हणाले."

"मी ठेकेदाराला भेटतो," दादासो म्हणाले. "त्याच्या पाया पडतो."

"नगा. तुमच्या शब्दानं काम गेलं. तुमच्या शब्दानं परत नगो मला." त्यानं हात पुसले. "हितं मला कोण वायरिंगचं काम दीत न्हाय, अण्णा. कुठनं कळलं कुणास ठाऊक, ह्याच्या हातनं म्हस मेली म्हणत्यात. एक करा. फाट्यावर चहाच्या टपरीत आमची भावकीतली माणसं बसल्यात. त्यांना तुमच्या तोंडानं सांगा."

दादासोंनी विचार केला नव्हता की असं काही करावं लागेल. आदर्शची माफी मागायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण ते आदर्शच्या मागून चालत टपरीपर्यंत गेले. आत पाच-सहा माणसं कांबळी पांघरून बसली होती.

"या पावणं, बसा," एक जण सरकून म्हणाला. "कुठनं आलासा?"

"कुरुंदवाडकडनं," दादासो म्हणाले. ते बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. गाडी, बिल, विहिरीवरची वायर, मोरी, पाचटात लपवलेला गुंडाळा, साहेबांपुढं म्हटलेलं 'असंल', सत्काराची शाल. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला होता. सगळं संपल्यावर मघाशी सरकलेला माणूस म्हणाला, "आणि शाल घेतलासा व्हय?"

"व्हय," दादासो म्हणाले. "घेतली."

"गाडी चालती का अजून?"

"चालती. घरच्या मीटरवर. येईल ते बिल भरतो."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारा आदर्शकडं वळून म्हणाला, "आमच्या घरची लाईन बघायला उद्या ये रं. पोटमाळ्यावर काळोख हाय." आदर्शनं मान डोलावली.

दादासोंनी आदर्शपुढं हात जोडले. उत्तम क्षमा हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. बस्तीत टाळ्यांच्या आधी ते किती सहज म्हटले होते त्यांनी. इथं ते म्हणवेनात. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

"मी माफ केलं असं म्हणणार न्हाय," आदर्श म्हणाला. "पोरीची शाळा सुटली माझ्या. पण आलासा, बरं केलंसा."

तो त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आला. कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा दादासो चढून खिडकीजवळ बसले. आदर्श खाली उभा होता.

"काच ओढून घ्या," तो म्हणाला. "पाऊस आत यायलाय."

दादासोंनी काच ओढली. ती पुसून बाहेर बघेपर्यंत आदर्श धुक्यात टपरीच्या दिशेनं चालायला लागला होता.